रसायनोपचाराची आवर्तने आणि सहरुग्णांचा आधार

कर्करोगावरील उपचारांची तीन प्रमुख साधने आहेत : शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रसायनोपचार. यांपैकी शस्त्रक्रिया बहुधा एकदाच होते. किरणोपचार काही आठवडे चालतात. रसायनोपचार, ज्याला रुग्ण आणि नातेवाईक 'किमो' या सुटसुटीत नावाने ओळखतात, हा मात्र रुग्णाला पुनःपुन्हा रुग्णालयाच्या दारात बोलावणारा उपचार आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी तीच खाट, तीच सलाईनची बाटली आणि घरी परतल्यावर तोच थकवा. पहिल्या फेरीला रुग्ण अज्ञानामुळे काहीसा धीट असतो. दुसऱ्या फेरीला त्याला सर्व ठाऊक झालेले असते, आणि म्हणूनच त्याचे पाऊल जड होते.

या जड पावलाला बळ देण्याचे काम डॉक्टर, परिचारिका आणि कुटुंबीय करतातच. त्यांच्या जोडीला आणखी एक व्यक्ती असते. तिची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नाही. त्याच बाकावर बसलेला, दोन-चार फेऱ्या पुढे गेलेला दुसरा रुग्ण म्हणजे ती व्यक्ती होय. त्याच्या शब्दाने रोग बरा होत नाही. परंतु उपचार अर्धवट सोडू पाहणारा रुग्ण त्या शब्दामुळे पुढच्या फेरीला हजर राहू शकतो. ही हजेरीच अनेकदा उपचाराच्या यशापयशाचा प्रश्न ठरते. म्हणून सहरुग्णांच्या आधाराचे स्वरूप, त्याचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा समजून घेणे हे शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायतीचे सदस्य यांच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

उपचाराचा उगम

रसायनोपचाराचा इतिहास फार जुना नाही. १९४२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन या औषधशास्त्रज्ञांच्या संशोधनातून नायट्रोजन मस्टर्ड हे रसायन लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णास प्रथम देण्यात आले. त्यानंतर बोस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या बालकांवर अमिनोप्टेरिन या औषधाचा प्रयोग केला आणि १९४८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे औषध ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत तयार झाले, तेथील संशोधनाचे नेतृत्व आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे करीत होते. या उपचाराच्या पायाभरणीत एका भारतीय शास्त्रज्ञाचा वाटा आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी अशी आहे.

आपल्या अंगणात बारमाही फुलणाऱ्या सदाफुलीचाही या इतिहासात वाटा आहे. या वनस्पतीपासून व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही दोन औषधे मिळाली आणि १९६० च्या दशकापासून ती प्रत्यक्ष उपचारात आली. मात्र सदाफुलीची पाने वाटून घेतल्याने कर्करोग बरा होत नाही. कारखान्यात शुद्ध केलेले, मोजून-मापून शिरेतून दिलेले औषध आणि झाडाचा पाला यांत मोठे अंतर आहे. पाल्यातील द्रव्ये विषारी असल्याने अपाय होण्याचाही संभव असतो.

महाराष्ट्रात कर्करोगाच्या आधुनिक उपचारांचे प्रमुख केंद्र म्हणजे मुंबईतील परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय. त्याचे उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी झाले. १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते आपल्याकडे घेतले आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आले. याच रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. बालपणी पोलिओ झाल्यामुळे डॉ. अडवाणी चाकांच्या खुर्चीतून वावरत. व्याधीशी झुंजलेला माणूस दुसऱ्याच्या व्याधीकडे कसा पाहतो, याचे हे एक ठळक उदाहरण म्हणता येईल.

आवर्तनांमागील शास्त्र

कर्करोगाच्या पेशी अनिर्बंध वेगाने विभागत असतात. रसायनोपचारातील बहुतेक औषधे या विभाजनावर आघात करतात. परंतु शरीरातील काही निरोगी पेशीही वेगाने विभागतात. केसांची मुळे, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि रक्त निर्माण करणारी अस्थिमज्जा ही त्यांची उदाहरणे. औषधाचा आघात त्यांच्यावरही होतो. केस गळणे, तोंड येणे, जुलाब होणे, रक्तातील पेशी कमी होणे ही लक्षणे यातूनच उद्भवतात. ती औषधाची लक्षणे आहेत, रोग बळावल्याची नव्हेत, हे रुग्णाला आरंभीच समजणे आवश्यक असते.

निरोगी पेशींना सावरण्यास वेळ मिळावा म्हणून औषध एकदम न देता टप्प्याटप्प्याने दिले जाते. अशा एका टप्प्याला आवर्तन म्हणतात. अनेक उपचारक्रमांत ते २१ दिवसांचे असते. काहींत आठवड्याचे किंवा १४ दिवसांचेही असते. स्तनाच्या कर्करोगात सामान्यतः चार ते आठ आवर्तने होतात. बालकांच्या रक्ताच्या एका प्रमुख कर्करोगात औषधोपचार दोन ते तीन वर्षे चालतो. शेतकऱ्याला पाण्याच्या पाळ्यांचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. पाळी चुकली की पिकाचे काय होते, हे तो जाणतो. येथेही तसेच आहे. पहिल्या फेरीतून वाचलेल्या रोगपेशी पुन्हा वाढण्यापूर्वी दुसरी फेरी यावी, असा हिशेब मांडलेला असतो. रुग्णाने आपल्या मर्जीने फेरी लांबविली तर हा हिशेब मोडतो.

फेरीपूर्वी रक्ततपासणी होते. पांढऱ्या पेशी किंवा बिंबिका पुरेशा नसल्यास डॉक्टर स्वतःच फेरी काही दिवस पुढे ढकलतात. ठरवून केलेला हा विलंब आणि भीतीने केलेली टाळाटाळ यांतील फरक रुग्णाने व त्याच्या घरच्यांनी ओळखला पाहिजे. कामाचा दिवस मोडून, लांबचा प्रवास करून आल्यावर 'आज औषध मिळणार नाही' असे ऐकावे लागले, की माणूस खचतो. अशा वेळी शेजारच्या बाकावरील कोणी तरी 'माझीही गेल्या वेळची फेरी आठवडाभर पुढे गेली होती, नंतर सुरळीत झाली' एवढे सांगते आणि तो परत जाताना थोडा हलका होऊन जातो.

रुग्ण मागे का फिरतो?

उपचार अर्धवट सोडण्याची कारणे अनेक आहेत. पहिले कारण पैशाचे. औषधे व तपासण्यांचा भार काही अंशी शासकीय योजना उचलतात. परंतु प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबावरच पडतो. दुसरे कारण हंगामाचे. पेरणी, कापणी किंवा ऊसतोड आली की रुग्ण, विशेषतः सोबत येणारा माणूस, अडकून पडतो. तिसरे कारण फसव्या समाधानाचे. दोन-तीन फेऱ्यांनंतर गाठ लहान होते, वेदना थांबते आणि रुग्णाला वाटते की आता रोग गेला. गाठ हाताला लागत नाही याचा अर्थ शरीरात रोगपेशी उरल्या नाहीत असा होत नाही.

चौथे कारण मनाचे. ते सर्वांत कमी बोलले जाते. काही रुग्णांना तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून औषध मिळण्यापूर्वीच मळमळू लागते. रुग्णालयाचा वास आला, सलाईनचा खांब दिसला, एवढेच काय, परळकडे जाणाऱ्या बसमध्ये पाऊल टाकले, तरी उलटीची भावना होते. हे ढोंग नव्हे आणि दुबळेपणाही नव्हे. घंटा आणि अन्न यांची सांगड बसल्यावर नुसत्या घंटेने लाळ सुटणाऱ्या कुत्र्याचा पावलॉव्ह यांचा प्रयोग शिक्षकांना ठाऊक आहे. येथे स्थळ आणि मळमळ यांची तशीच सांगड शरीरात बसते. अन्नाच्या बाबतीतही असेच घडते. अमेरिकेतील संशोधक आयलीन बर्नस्टीन यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की, रसायनोपचारापूर्वी ज्या बालकांना विशिष्ट चवीचे आइस्क्रीम देण्यात आले, त्यांच्या मनात नंतर त्या चवीविषयी नावड निर्माण झाली. औषधाच्या दिवशी आवडीचा पदार्थ खाऊ नये, नाही तर तो कायमचा नावडता होतो, ही अनुभवी रुग्णांची सूचना शास्त्रालाही धरून आहे.

या मळमळीवर आता परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत. परंतु रुग्णाने ती तक्रार सांगितली पाहिजे. अनेक जण संकोचाने गप्प राहतात. 'मलाही असेच व्हायचे, मी डॉक्टरांना सांगितले आणि त्यांनी आधीच्या रात्री घ्यायची गोळी दिली', असे दुसऱ्या रुग्णाने सांगितले म्हणजे संकोच गळून पडतो.

सहरुग्ण नेमके काय देतो?

'जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे' अशी आपल्याकडे म्हण आहे. डॉक्टर रोग जाणतात. नातेवाईक रुग्णाला जाणतात. परंतु फेरीनंतरच्या तिसऱ्या दिवसाची ग्लानी कशी असते, हे ज्याने ती भोगली तोच जाणतो. त्याचे सांगणे तीन प्रकारांनी उपयोगी पडते.

पहिला प्रकार कालज्ञानाचा. औषधाचे परिणाम बहुधा एका क्रमाने येतात व जातात. मळमळ पहिल्या काही दिवसांत असते. रक्तातील पांढऱ्या पेशी साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत कमी होतात आणि नंतर वाढू लागतात. ज्या औषधांनी केस गळतात, त्यांत ते बहुधा पहिल्या फेरीनंतर दोन-तीन आठवड्यांनी गळू लागतात आणि उपचार संपल्यावर काही महिन्यांत पुन्हा येतात. लाल रंगाच्या डॉक्सोरुबिसिन या औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसते. ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध घेतल्यावर थंड पाण्याच्या स्पर्शाने बोटांना झिणझिण्या येतात. हे सर्व डॉक्टर सांगतातच; परंतु पहिल्या भेटीत भांबावलेल्या मनाला त्यातील किती लक्षात राहणार? सहरुग्ण तेच पुन्हा, आपल्या बोलीत आणि सवडीने सांगतो. दुःखाला शेवटची तारीख आहे असे कळले, की ते सोसण्याजोगे होते.

दुसरा प्रकार व्यवहारज्ञानाचा. केस गळण्यापूर्वीच ते बारीक कापून घेतले तर उशीवर पुंजके पाहण्याचा धक्का कमी बसतो. तोंड आले असता तिखट-आंबट टाळून मऊ भात, पेज, मुगाचे वरण असे पदार्थ थोडे थोडे, पण वारंवार घ्यावेत. गुळण्या कशाच्या करावयाच्या, ते परिचारिकेला विचारून घ्यावे. दोन बाह्यांपैकी सैल बाहीचा सदरा किंवा पोलके घालून यावे. सलाईन चालू असता हाताला आग होऊ लागली तर क्षणाचाही विलंब न लावता परिचारिकेस हाक मारावी. 'थोडे सोसू' असे म्हणू नये, कारण काही औषधे शिरेबाहेर झिरपल्यास मांसाला इजा करतात. तपासण्यांचे कागद तारखेप्रमाणे एका पिशवीत लावून ठेवावेत. या गोष्टी लहान आहेत, पण फेरीचा दिवस त्यांनीच सुकर होतो.

तिसरा प्रकार उदाहरणाचा. उपचार पूर्ण करून केवळ तपासणीसाठी आलेली स्त्री डोक्यावर नव्याने आलेल्या केसांसह रांगेत उभी असते. ती काही बोलली नाही, तरी तिला पाहणे हेच नव्या रुग्णाच्या दृष्टीने मोठे आश्वासन असते. घरच्यांनी 'धीर धर' म्हटले तर रुग्णाला ते उपचारापुरते वाटू शकते. परंतु जिने धीर धरला आणि जी आज समोर उभी आहे, तिच्याविषयी शंका घेण्यास जागा उरत नाही.

याशिवाय सहरुग्णाजवळ रडता येते. घरात रुग्ण मुलांसाठी हसरा चेहरा ठेवतो, नवरा बायकोसाठी ठेवतो, आणि सर्व जण एकमेकांपासून अश्रू लपवीत असतात. बाकावरच्या सोबत्यापुढे हा मुखवटा लागत नाही.

बाकापासून संघटनेपर्यंत

असा आधार पुष्कळदा आपोआप निर्माण होतो. दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचार घेणारे रुग्ण आणि त्यांचे सोबती अल्प दरात राहतात. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण आणि परराज्यांतील माणसे एका छताखाली येतात. कोणाची भाषा कोणाला नीट कळत नाही. तरीही कोणाची कितवी फेरी आहे, हे सर्वांना ठाऊक होते. गाडगे महाराजांनी आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या त्या गरजूंना निवारा मिळावा म्हणून. त्या निवाऱ्यातून आपसूक निर्माण झालेला धीर ही त्याची दुसरी देणगी होय. बालरुग्ण आणि त्यांच्या पालकांसाठी सेंट ज्यूड ही संस्था २००६ पासून मुंबईत निवासाची सोय करीत आली आहे. तेथेही एका मुलाची आई दुसऱ्या मुलाच्या आईची आधारस्तंभ बनते.

या सहज आधाराला संघटित रूप देण्याचे प्रयत्न अनेक ठिकाणी झाले. १९५२ मध्ये अमेरिकेतील टेरेस लॅसर या महिलेच्या स्तनावर शस्त्रक्रिया झाली. पुढे काय करावे हे सांगणारे कोणी नाही, असे आढळल्यावर त्या स्वतःच अशा शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना भेटू लागल्या. या कार्याला 'रीच टू रिकव्हरी' असे नाव मिळाले, १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपलेसे केले आणि पुढे ते अनेक देशांत पसरले. आपल्याकडे १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीची आणि १९६९ मध्ये कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनची स्थापना मुंबईत झाली. १९९४ पासून कार्यरत असलेल्या व्ही केअर फाउंडेशन या संस्थेच्या स्थापनेमागे तर स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या महिलेचा पुढाकार आहे. उपचार पूर्ण केलेल्या व्यक्तींना प्रशिक्षण देऊन नव्या रुग्णांच्या भेटीस पाठविणे, ही अशा कार्याची मुख्य पद्धत होय.

संशोधनाचा कौल

सहरुग्णांच्या आधाराने आयुष्य वाढते काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही तपासला. १९८९ मध्ये डॉ. डेव्हिड स्पीगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेल्या ८६ स्त्रियांच्या या अभ्यासात, दर आठवड्याला एकत्र बसून मन मोकळे करणाऱ्या गटातील स्त्रिया इतरांपेक्षा सरासरी सुमारे दीड वर्ष अधिक जगल्याचे आढळले. या निष्कर्षाने जगभर आशा निर्माण झाली. परंतु २००१ मध्ये कॅनडातील २३५ स्त्रियांच्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. स्वतः स्पीगेल यांनी १२५ स्त्रियांवर पुन्हा अभ्यास केला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही पहिला निष्कर्ष पूर्वीप्रमाणे सिद्ध झाला नाही.

मग गटाचा उपयोग काय? कॅनडातील त्याच अभ्यासात गटातील स्त्रियांची मनःस्थिती सुधारल्याचे आणि वेदनेची जाणीव कमी झाल्याचे आढळले. सर्वाधिक लाभ झाला तो ज्यांचे मन आरंभी अधिक खचलेले होते त्यांना. यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. सोबत्यांचा आधार हे औषध नाही. ते औषध घेण्याचे बळ आहे. 'मन खंबीर ठेवले असते तर वाचला असता' असे एखाद्या दिवंगत रुग्णाविषयी म्हणणे अशास्त्रीय आणि निर्दयही आहे.

सावधगिरीच्या मर्यादा

अनुभवाचे बोल मोलाचे असले तरी त्यांनाही कुंपण हवे. दोन रुग्णांचे रोगाचे नाव एक असले तरी रोगाची अवस्था, औषधे व मात्रा वेगळ्या असू शकतात. म्हणून 'मला सहा फेऱ्या, तुला आठ का?' ही तुलना निरर्थक ठरते. आपली उरलेली गोळी दुसऱ्याला देऊ नये. अमुक काढ्याने, अमुक मांत्रिकाने किंवा अमुक भस्माने गुण आला, ही वार्ता रुग्णालयाच्या आवारात वेगाने पसरते. असे काही घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण काही वनौषधींचा रसायनोपचाराच्या औषधांशी विरोध येतो.

एका बाबतीत तर सहरुग्णाच्या सल्ल्याची वाटही पाहू नये. उपचारकाळात ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आल्यास रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. पांढऱ्या पेशी कमी असता साधा जंतुसंसर्गही काही तासांत प्राणघातक होऊ शकतो. 'मलाही ताप आला होता, उतरला' हा शब्द अशा वेळी घात करतो. तापाच्या गोळीने ताप दडपून सकाळची वाट पाहणे धोक्याचे आहे.

धीर देणाऱ्याने खोटे वचनही देऊ नये. काही रुग्णांचा उपचार रोग समूळ घालविण्यासाठी असतो, तर काहींचा रोग आवाक्यात ठेवून वेदना कमी करण्यासाठी असतो. 'तुम्ही नक्की बरे व्हाल' असे म्हणण्याऐवजी 'पुढच्या फेरीला मी तुमच्या सोबत येतो' असे म्हणणे अधिक प्रामाणिक आणि अधिक उपयोगी असते.

आणि असाही दिवस येतो, की नेहमीच्या बाकावरचा सोबती दिसत नाही आणि मग तो गेल्याचे कळते. मागे राहिलेल्या रुग्णाच्या मनावर याचा मोठा आघात होतो. पुढची पाळी आपली, असे त्याला वाटू लागते. हे दुःख झाकून ठेवू नये. परिचारिका, समाजसेवा अधीक्षक किंवा गटातील ज्येष्ठ यांनी त्याविषयी मोकळेपणाने बोलावे आणि प्रत्येकाचा रोग व त्याची वाटचाल निराळी असते, हे पुन्हा समजावून द्यावे.

गावपातळीवरील कर्तव्य

शहरातील रुग्णाला हा आधार रुग्णालयाच्या आवारात मिळतो. गावी परतलेला रुग्ण मात्र दोन फेऱ्यांमधील तीन आठवडे एकटाच असतो. गावात त्याच्या रोगाविषयी कुजबुज असते. काही घरांत त्याचे ताट-वाटी वेगळे काढले जाते. मुलीचे लग्न अडेल या भीतीने काही माता आपला रोग लपवितात. कर्करोग हा स्पर्शाने, एकत्र जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने होत नाही, ही गोष्ट ग्रामसभेत आणि शाळेत निःसंदिग्धपणे सांगितली गेली पाहिजे. उलट रसायनोपचार चालू असलेल्या रुग्णालाच इतरांच्या सर्दी-खोकल्यापासून जपावे लागते.

बार्शीसारख्या निमशहरी भागातील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने ग्रामीण रुग्णांना मुंबईच्या खेपेवाचून उपचार मिळू शकतात, हे दाखवून दिले. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगासाठी दिवसभराच्या उपचारांची केंद्रे सुरू करण्याची घोषणा करण्यात आली. फेरी जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ लागली की प्रवास वाचेल, आणि एकाच तालुक्यातील रुग्णांची परस्परांशी गाठ पडण्याची संधीही वाढेल.

आर्थिक साहाय्याची माहितीही सहरुग्णांकडूनच अनेकांना प्रथम मिळते. राज्यात २ जुलै २०१२ रोजी सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचे २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नामकरण झाले. या योजनेत रसायनोपचाराचा समावेश असून संलग्न रुग्णालयांतील आरोग्यमित्र कागदपत्रांबाबत मार्गदर्शन करतात. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोग रुग्णाला रेल्वेच्या व एस.टी.च्या भाड्यात सवलत मिळते. रेल्वेची सवलत सोबत्यालाही लागू आहे. त्यासाठी विहित नमुन्यातील प्रमाणपत्र रुग्णालयाकडून घ्यावे लागते. ही माहिती रुग्णाला दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर योगायोगाने मिळण्याऐवजी निदान झाल्याबरोबर ग्रामपंचायतीत मिळाली, तर कित्येकांचे कर्ज टळेल.

या संदर्भात पुढील गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत :

१. गावातील किंवा शेजारच्या गावांतील ज्या व्यक्तींनी उपचार पूर्ण केले आहेत, त्यांच्या संमतीने आशा स्वयंसेविकेने नव्या रुग्णाची त्यांच्याशी भेट घालून द्यावी. रुग्णांची नावे ग्रामसभेत वाचू नयेत अथवा फलकावर लावू नयेत. रोग सांगावा की नाही, हा रुग्णाचा अधिकार आहे.

२. एकाच रुग्णालयात जाणाऱ्या रुग्णांना शक्य तेथे एकाच दिवशी, एकाच वाहनाने जाण्यास साहाय्य करावे. खर्च वाटला जातो आणि वाटेत सोबत मिळते.

३. हंगामाच्या दिवसांत रुग्णाच्या शेताची एखादी पाळी गावकऱ्यांनी सावडीने उरकून द्यावी. औतकाठीची सावड आपल्याकडे जुनी आहे. तिचा असाही उपयोग व्हावा.

४. ग्राम आरोग्य समितीने रुग्णाच्या घरी तापमापक आहे याची खात्री करावी, आणि रात्री-अपरात्री ताप आल्यास कोणाचे वाहन मिळेल हे आधीच ठरवून ठेवावे.

५. उपचार घेणारा विद्यार्थी वर्गात परतण्यापूर्वी शिक्षकांनी इतर मुलांशी बोलावे. केस का गेले, ते परत येणार आहेत, आणि त्याच्या टोपीला कोणी हात लावू नये, हे मुले चटकन समजून घेतात. वर्गात गोवर-कांजिण्यांची साथ असल्यास पालकांना लगेच कळवावे.

६. कार्यालयप्रमुखांनी रुग्ण कर्मचाऱ्याच्या आणि सोबत जाणाऱ्या पती-पत्नीच्या रजेचा अर्ज फेऱ्यांच्या वेळापत्रकासह एकदाच घ्यावा. प्रत्येक फेरीला नव्याने आर्जव करण्याची पाळी येऊ देऊ नये.

उपसंहार

रसायनोपचाराची औषधे प्रयोगशाळेत तयार होतात. ती देण्याची यंत्रणा शासन आणि रुग्णालये उभारतात. परंतु ठरलेल्या तारखेला रुग्णाने त्या खाटेपर्यंत पोहोचणे, ही साखळीतील अखेरची कडी माणसांच्या हाती असते. दोन फेऱ्या पुढे असलेला रुग्ण ही कडी जोडतो. पुढे त्याचाच हात धरून आलेला रुग्ण आपल्या मागच्याला हात देतो. या हातांना एकमेकांपर्यंत पोहोचविण्यासाठी मोठा निधी किंवा नवी इमारत लागत नाही. गावातील कोणाची फेरी कधी आहे याची आपुलकीने चौकशी करणारी एक व्यक्ती प्रत्येक पंचायतीत, शाळेत व कार्यालयात असली, तर अर्ध्या वाटेवरून मागे फिरणारी अनेक पावले पुढे पडतील.